पेटंट, परवाना, बंदर : काही टिपणे

डिसेंबर २००८. भारतातून ब्राझीलला निघालेला लोसार्टनचा ५७० किलो कच्चा माल ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावर डच कस्टम्सने अडवला. लोसार्टन म्हणजे रक्तदाबाची रोजची गोळी. पाठवणारी कंपनी हैदराबादची डॉ. रेड्डीज. या औषधावर भारतात पेटंट नव्हते, ब्राझीलमध्येही नव्हते. ते होते नेदरलँड्समध्ये. माल तिथे विकला जाणार नव्हता, फक्त विमान बदलणार होता. तरी तो महिनाभराहून जास्त काळ पडून राहिला आणि शेवटी ब्राझीलला न पोहोचता भारतात परत आला.

पुढच्याच वर्षी अबाकावीरची खेप अशीच अडली. हे एचआयव्हीवरचे औषध नायजेरियातल्या रुग्णांसाठी चालले होते.

ज्या युरोपीय नियमाने (१३८३/२००३) हे घडले, तो नकली आणि हक्कभंग करणारा माल पकडण्यासाठी होता. अडवलेली औषधे नकली नव्हती. दर्जाबद्दलही कोणाची तक्रार नव्हती. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील दोघेही जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०११ मध्ये समझोता झाला, आणि पुढे २०१३ मध्ये युरोपने नवा नियम आणला.

*

पेटंट हा मुळात एका देशाच्या हद्दीपुरता हक्क. १८८३ च्या पॅरिस कराराच्या चौकटीतही प्रत्येक देशाचे पेटंट स्वतंत्र आहे. त्याच करारात आणखी एक जुनी तरतूद आहे : परक्या देशाचे जहाज तात्पुरते बंदरात आले, तर त्यावर बसवलेल्या यंत्रांमुळे तिथल्या पेटंटचा भंग झाला असे मानायचे नाही. व्यापार चालू राहायचा तर एवढी मोकळीक हवी, हे त्या काळच्या लोकांना कळले होते. जहाजाच्या इंजिनाला जी मोकळीक मिळाली, ती त्याच वाटेने जाणाऱ्या औषधाला मिळू नये, याचे समर्थन मला कुठल्याही बाजूने करता येत नाही.

*

नेदरलँड्सविषयी आणखी थोडे. या देशाने १८६९ मध्ये स्वतःचा पेटंट कायदाच रद्द केला होता. नवा कायदा अमलात यायला १९१२ उजाडले. मधल्या काळात, १८९१ मध्ये, आइंडहोव्हनला फिलिप्स कंपनी निघाली आणि विजेचे दिवे बनवू लागली. परक्यांच्या पेटंटचा अडसर तिच्या घरच्या अंगणात नव्हता.

स्वित्झर्लंडची गोष्ट औषधांच्या दृष्टीने जास्त बोलकी. बाझलच्या रंग आणि रसायनांच्या कंपन्या तिथे मोठ्या झाल्या, आणि औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायला त्या देशाने १९७० च्या दशकाची अखेर गाठली. जर्मनीने ते १९६८ मध्ये दिले, इटलीने १९७८ मध्ये, स्पेनने तर १९९२ मध्ये. अमेरिकेत परदेशी लेखकांच्या पुस्तकांना १८९१ पर्यंत कॉपीराइट नव्हता. डिकन्सने १८४२ च्या दौऱ्यात यावरून तिथे उघड तक्रार केली होती.

या देशांनी चूक केली असे मी म्हणत नाही. आपला उद्योग कोणत्या पायरीवर आहे हे पाहून त्यांनी आपापला कायदा लिहिला, आणि तेच शहाणपणाचे होते. माझे म्हणणे इतकेच की ही सवड प्रत्येक देशाला मिळायला हवी.

*

आपल्याला ती सवड काही काळ मिळाली. इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी कारखान्यातून पेनिसिलिन निघू लागले. पण नवी औषधे परदेशी कंपन्यांच्याच हातात होती. अमेरिकेतल्या केफॉव्हर समितीने १९६१ मध्ये नोंदवून ठेवले आहे की काही प्रतिजैविकांच्या किमती भारतात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. एवढा गरीब देश आणि त्या किमती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ मध्येच आला होता. त्यावरचा कायदा १९७० मध्ये झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही. ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल, तेही जास्तीत जास्त सात वर्षे.

तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवायचा, तर रसायनशास्त्र पक्के लागते. आपल्या प्रयोगशाळांनी आणि कंपन्यांनी ते तीस वर्षांत कमावले. आज वर्षाला सुमारे ३० अब्ज डॉलरची औषधे भारतातून बाहेर जातात, त्यामागे या कायद्याने दिलेली ही तीस वर्षे आहेत.

*

बौद्धिक संपदेचा विषय व्यापाराच्या करारात आला कसा? त्यासाठी जिनिव्हात वेगळी जागतिक संघटना होतीच. पण तिच्याकडे शिक्षा करण्याचे साधन नव्हते. व्यापार कराराकडे होते : तुम्ही आमच्या पेटंटचा मान राखला नाही तर तुमच्या कापडावर, कोळंबीवर आम्ही जकात लावू. १९८६ मध्ये उरुग्वे फेरी सुरू होताना अमेरिकेतल्या डझनभर बड्या कंपन्यांनी एक समिती बनवली. फायझरचे एडमंड प्रॅट आणि आयबीएमचे जॉन ओपेल त्यात पुढे होते. त्यांनी युरोप आणि जपानच्या उद्योगांना सोबत घेतले आणि सरकारांपुढे जवळजवळ तयार मसुदाच ठेवला.

सोबतीला अमेरिकेचा १९८८ चा व्यापार कायदा होता. त्यातल्या स्पेशल ३०१ च्या यादीत दरवर्षी देशांची नावे लागतात. भारताचे नाव त्यात वारंवार येत आले आहे. १९९२ मध्ये अमेरिकेने भारतीय औषधे आणि रसायनांना मिळणारी जकातमाफी काढून घेतली, ती पेटंटच्याच प्रश्नावरून.

शेवटी व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारावर १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशला सह्या झाल्या. १ जानेवारी १९९५ पासून तो अमलात आला : वीस वर्षांचे पेटंट, औषधांसह, मात्र देशागणिक वेगवेगळ्या मुदतींनी. भारताला रेणूवरच्या पेटंटसाठी २००५ पर्यंत मुदत मिळाली, पण अर्ज मात्र लगेच घेऊन ठेवायचे होते. ती व्यवस्था नीट केली नाही म्हणून अमेरिकेने खटला भरला आणि १९९७ मध्ये आपण हरलो.

*

अर्थशास्त्रातली एक नोंद. कडक पेटंटमुळे व्यापार वाढतो की घटतो, यावर कीथ मॅस्कस आणि मोहन पेनुबर्ती यांचा १९९५ चा अभ्यास अजूनही हाताशी ठेवण्यासारखा आहे. त्यात दोन ओढी उलट दिशांना आहेत. नकलेची भीती गेली की परदेशी विक्रेता जास्त माल पाठवतो, म्हणजे बाजार वाढतो. पण प्रतिस्पर्धी उरला नाही की तोच विक्रेता माल कमी ठेवून भाव चढा ठेवू शकतो. कोणती ओढ जिंकेल हे त्या देशात नक्कल करण्याची ताकद किती आहे आणि बाजार किती मोठा आहे, यावर ठरते.

यंत्रे, सुटे भाग, रंग यांच्याबाबतीत पहिली ओढ मी मान्य करतो. औषधाच्या गिऱ्हाइकाला थांबता येत नाही, म्हणून तिथे दुसरी ओढ मला जास्त दिसते.

*

ट्रायोम्यून. या गोळीबद्दल मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून जरा सविस्तर.

एचआयव्हीवर तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत त्या उपचाराचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत दोन कोटींहून जास्त लोक बाधित होते आणि हा खर्च तिथल्या सरकारांच्याही आवाक्याबाहेर होता.

स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन, नेव्हिरापीन : ही तीन औषधे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. प्रत्येकीचे पेटंट वेगळे, त्यामुळे तिन्ही एका गोळीत घालायला अमेरिकेत कोणालाच मोकळीक नव्हती. रुग्णाने वेगवेगळ्या डब्यांतून गोळ्या घ्यायच्या. भारतात रेणूवर पेटंट नसल्याने मुंबईच्या सिप्लाला ते करता आले. तिन्ही एका गोळीत, सकाळी एक, संध्याकाळी एक. जिथे दवाखाना वीस मैलांवर आहे आणि पाकिटावरच्या सूचना वाचणारे घरात कोणी नाही, तिथे औषध चालू राहते की सुटते हे अशा गोष्टीवर ठरते.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी हा उपचार मेदसँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. दिवसाला एक डॉलरहून कमी. भाव नंतर आणखी उतरत गेला.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट किंमत वाटत नाही. पेटंट नसलेल्या जागी एक नवे, जास्त चांगले औषध तयार झाले, जे पेटंट असलेल्या जागी तयार होऊ शकत नव्हते. पेटंटशिवाय नवनिर्मिती होत नाही असे कोणी म्हटले की मला ही गोळी आठवते.

*

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत ३९ औषध कंपन्यांनी नेल्सन मंडेलांच्या सरकारने केलेल्या कायद्याविरुद्ध खटला चालवला होता. स्वस्त औषधांची आयात सोपी करणारा तो कायदा. जगभरातून इतका संताप उसळला की एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहाला सर्व सदस्य देशांनी लिहून दिले की बौद्धिक संपदा करारामुळे कोणत्याही देशाला सार्वजनिक आरोग्याचे रक्षण करण्यापासून अडवले जाऊ नये.

*

दोहाच्या जाहीरनाम्यातला सहावा परिच्छेद. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही सरकार दुसऱ्याला औषध बनवू देते आणि पेटंटधारकाला रॉयल्टी मिळते. पण मूळ करारात अट अशी की हे उत्पादन मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी हवे. मग ज्या देशात कारखानाच नाही त्याने काय करायचे? २००३ मध्ये यावर तोड निघाली : एका देशाने परवाना देऊन दुसऱ्यासाठी बनवायचे.

ही वाट पुरी चालली गेली ती एकदाच. रवांडाने २००७ मध्ये मागणी नोंदवली, कॅनडाच्या ॲपोटेक्सने गोळ्या बनवल्या, पहिली खेप २००८ मध्ये पोहोचली. मध्ये इतकी कागदपत्रे, इतक्या मुदती, वेगळ्या रंगाच्या गोळ्या आणि वेगळ्या पाकिटांची सक्ती, की कंपनीने पुन्हा या वाटेला जाण्यात रस दाखवला नाही. २०१७ मध्ये हीच तरतूद करारात कायमची घातली गेली. आजारी माणसांसाठी दार उघडायचे आणि उंबरठा एवढा उंच ठेवायचा, याला उपाय म्हणायला माझे मन घेत नाही.

*

मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे. बाहेरून कोणत्याही सरकारी इमारतीसारखे. जगातल्या कितीतरी रुग्णांचे भवितव्य इथल्या फायलींत ठरले आहे.

९ मार्च २०१२. कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला. औषध नेक्सावार, मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे. पेटंटधारक बायरचा महिन्याचा भाव २,८०,४२८ रुपये. परवाना मिळालेल्या नॅटकोने ८,८०० रुपयांत द्यायचे कबूल केले, वर सहा टक्के रॉयल्टी, जी पुढे अपिलात सात टक्के झाली. पेटंटधारकाला दरवर्षी एक माहितीपत्रक भरावे लागे, फॉर्म २७ : आपल्या पेटंटचा माल भारतात किती विकला, किती आयात केला. त्या आकड्यांवरूनच दिसले की औषध गरजूंपैकी दोन टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंतच पोहोचते आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये निर्णय उचलून धरला. तेव्हापासून भारताने दुसरा असा परवाना दिलेला नाही.

२३ मार्च २०२३. औषध बेडाक्विलीन, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचे. जॉन्सन अँड जॉन्सनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीने त्याच्या क्षारावर दुसरे पेटंट मागितले होते, म्हणजे मक्तेदारी २०२७ पर्यंत. अर्जाला विरोध करणाऱ्यांत दोन स्त्रिया होत्या : मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघींनाही क्षय झालेला, दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या उपचारातल्या विषारी इंजेक्शनांमुळे गेलेली. बेडाक्विलीन आल्याने ती इंजेक्शने टळतात. अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक खरेदी यंत्रणेला मिळणारा सहा महिन्यांच्या उपचाराचा भाव १३० डॉलरवर आला, आधीच्या निम्म्याहून कमी. मुंबईची लुपिनही पुरवठ्यात उतरली.

आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधी कोणालाही विरोध नोंदवता येतो, रुग्णालाही. फार थोड्या देशांत हे आहे.

*

पेटंट कायद्याचे कलम ३(डी). २००५ ची दुरुस्ती संसदेत आली तेव्हा हे कलम आजच्या स्वरूपात आले. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप आणलेत, तर ते उपचारात अधिक गुणकारी आहे हे दाखवा. त्याशिवाय नवे पेटंट नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा खटला यावरच झाला. रक्ताच्या एका कर्करोगावरचे हे औषध महिन्याला लाखाच्या घरात, आणि भारतीय कंपन्यांचे तेच आठ-दहा हजारांत. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांनी पेटंट नाकारणारा निकाल दिला. औषध चांगले आहे याबद्दल वाद नव्हता. प्रश्न होता तो स्फटिकाच्या नव्या रूपाने रुग्णाला जास्त काय मिळाले, हा.

संशोधनाचा खर्च कोण देणार, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण ग्लिवेकच्या मागे ओरेगनच्या विद्यापीठातले ब्रायन ड्रुकर यांचे काम होते, बेडाक्विलीनच्या चाचण्यांत सार्वजनिक पैसा होता. लोकांनी कराच्या रूपाने दिलेला वाटा भाव ठरवताना मोजला जावा, एवढी मागणी रास्त आहे.

*

सांगली जिल्ह्यातले तासगाव. बोरगावच्या शेतकऱ्याच्या बागेत थॉम्पसन सीडलेसच्या वेलीवर वेगळा फुटवा दिसला, त्यातून 'तास-ए-गणेश' आले. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणले. काड्या गावोगाव गेल्या, कोणी रॉयल्टी मागितली नाही. महाराष्ट्राची द्राक्षनिर्यात अशाच वाणांवर उभी राहिली.

आता युरोपातल्या दुकानांना हवी आहेत ती परदेशी पैदासकारांची संरक्षित वाणे. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने 'आरा' वाणांचे हक्क घेऊन ती इथे आणली. परवाना न घेता लावलेल्या बागेचा माल युरोपात उतरवता येत नाही; तिथला पैदासकार तो बंदरात अडवू शकतो. म्हणजे औषधाचीच गोष्ट, पण इथे मी एकदम विरोधात उभा राहत नाही. नवे वाण पावसात कमी तडकत असेल, मजुरी वाचवत असेल, तर रॉयल्टी परवडू शकते. मला काळजी आहे ती करारातल्या अटींची : काडी शेजाऱ्याला द्यायची नाही, माल ठरल्या वाटेनेच विकायचा. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बिगर ब्रँडचे विकण्याचाही हक्क दिला आहे. परदेशी व्यापार करारांत युपोव्ह या वाणसंरक्षण कराराचा आग्रह येतो तेव्हा हाच हक्क पणाला लागतो.

*

कोल्हापुरी चप्पल. २०१९ पासून भौगोलिक मानांकन, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशीच चप्पल मंचावर आणली, तेव्हा ते मानांकन तिथे कामाला आले नाही, कारण तेही देशापुरतेच. काम केले ते लोकांच्या रागाने.

*

कोविड. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने साथीपुरती पेटंटची बंधने उठवावीत असा प्रस्ताव दिला. निर्णय जून २०२२ मध्ये आला, तोही फक्त लशींपुरता. पुण्याच्या सीरमने ॲस्ट्राझेनेकाच्या परवान्यावर कोट्यवधी डोस बनवले, आणि स्वेच्छेचा परवाना किती चांगले काम करू शकतो याचा तो पुरावा आहे. मात्र परवाना द्यायचा की नाही, हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. एमआरएनए लशींच्या बाबतीत आपल्याला ते अनुभवाला आले.

*

नव्या करारांकडे पाहताना. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइनबरोबर १० मार्च २०२४ रोजी करार झाला. चाचण्यांच्या माहितीवर वेगळी मक्तेदारी द्या, ही जुनी मागणी भारताने त्यात मान्य केली नाही. ते झाले असते तर पेटंट नसलेले औषधही काही वर्षे दुसऱ्या कोणाला आणता आले नसते. इथे आपले वाटाघाटी करणारे ठाम राहिले, त्याची नोंद कृतज्ञतेने करतो.

पण १५ मार्च २०२४ रोजी पेटंटचे नियम बदलले. फॉर्म २७ आता दरवर्षी नाही, तीन वर्षांतून एकदा. आणि पेटंटआधीच्या विरोधाला आता शुल्क आहे. तो दाखल करून घ्यायचा की नाही, हे कंट्रोलर आधी ठरवणार. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनबरोबर सह्या झालेल्या करारात लिहिले आहे की औषधे उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग स्वेच्छेचा परवाना हा आहे. सक्तीच्या परवान्याचा कायदा तसाच आहे. पण नेक्सावारसारखी मागणी उद्या कोणी घेऊन आला, तर औषध किती जणांपर्यंत पोहोचले हे दाखवणारे वर्षावर्षाचे आकडे त्याला त्या पत्रकातून मिळणार नाहीत, आणि समोरचा वकील ब्रिटनच्या कराराचे ते वाक्य वाचून दाखवील. फॉर्म २७ पुन्हा दरवर्षी भरून घ्यायला संसदेची गरज नाही. नियमातली दुरुस्ती पुरते.